जुन्या मोटारीच्या पत्र्याचे वेल्डिंग आणि गंजप्रतिबंध : प्रीमियर पद्मिनीच्या तळपट्टीच्या संदर्भात

गोषवारा

जुन्या मोटारीचा गंजलेला भाग कापून त्या जागी नवा पत्रा वेल्डिंगने बसविला, तरी दोन-तीन पावसाळ्यांत तोच भाग पुन्हा गंजतो, असा अनुभव अनेकांना येतो. याचा दोष बहुधा नव्या पत्र्याच्या दर्जाला दिला जातो. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे की, या अपयशाचे मूळ पत्र्यापेक्षा कामाच्या क्रमात आहे. कारखान्यात सांगाडा आधी जोडला जातो आणि मग त्यावर संरक्षक लेप चढतो. दुरुस्तीत हा क्रम उलटा होतो आणि वेल्डिंगची उष्णता आधीचा लेप न दिसणाऱ्या बाजूने जाळून टाकते. त्यामुळे जोड कोठे व कसा घ्यायचा हे ठरवितानाच त्याच्या आतील बाजूपर्यंत नंतर कसे पोहोचायचे, हेही ठरवावे लागते. प्रीमियर पद्मिनी या मोटारीच्या दुरुस्तीच्या एका उदाहरणाच्या आधारे हे विवेचन केले आहे.

बीजशब्द : गंज, संक्षारण, वेल्डिंग, जस्तलेपन, एकसंध सांगाडा, प्रीमियर पद्मिनी.

प्रस्तावना

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० या इटालियन मोटारीची सुधारित आवृत्ती तयार होऊ लागली. हीच मोटार १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि विसावे शतक संपेपर्यंत ती तयार होत राहिली. मुंबईच्या रस्त्यांवरून या जातीची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि खासगी मालकीच्या पद्मिनी गाड्या आजही जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी दिसतात आणि त्या चालत्या ठेवण्याची धडपड करणारे लोकही आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व त्यानंतर तिचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते. हे नूतनीकरण गाडीच्या प्रत्यक्ष तपासणीवर अवलंबून असल्याने दर पाच वर्षांनी पत्र्याचा प्रश्न मालकापुढे उभा राहतो.

पद्मिनीच्या बाबतीत हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. जीपसारख्या वाहनात जाड लोखंडी सांगाडा वेगळा असतो व पत्र्याचे अंग त्यावर बसविलेले असते. तेथे पत्रा गंजला तरी भार वाहणारा भाग शाबूत राहू शकतो. ११०० मालिकेत १९५३ पासून मात्र असा वेगळा सांगाडा नाही. तळ, छपराचे खांब आणि दारांच्या खालून पुढील चाकापासून मागील चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी यांचे मिळूनच गाडीचे बळ तयार होते. या पोकळ पेटीला प्रस्तुत लेखात 'तळपट्टी' असे म्हटले आहे. तळपट्टी आतून खाल्ली गेली, तर दारे नीट लागत नाहीत, तळ लवतो, आणि बाजूने धडक बसल्यास आत बसलेल्या माणसांच्या व धडकेच्या मध्ये रंगाच्या पापुद्र्याखेरीज फारसे काही उरत नाही.

एक उदाहरण

प्रस्तुत लेखकाच्या घरी १९८५ सालची एक पद्मिनी आहे. घर कोकणात, समुद्रकिनाऱ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर आहे. २०१९ च्या आरंभी तिच्या डाव्या तळपट्टीला सुमारे दीड फूट लांबीचा ठिगळवजा पत्रा लावण्यात आला. गॅरेजमधील कारागीर अनुभवी होता आणि काम दिसायला उत्तम होते. जोडाची रेघ बोटालाही लागत नव्हती. २०२१ चा पावसाळा संपल्यावर चाक बदलण्यासाठी जॅक लावला असता तीच तळपट्टी कागदासारखी आत दबली. नव्या पत्र्याला एका कडेने ओळीने भोके पडलेली होती.

"हल्लीचा पत्राच हलका येतो, जुन्या पत्र्याची सर त्याला नाही," असे स्पष्टीकरण तेव्हा मिळाले. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्याला ते पटणे कठीण होते. पत्र्यातील कार्बन, मँगनीज, फॉस्फरस यांच्या प्रमाणात थोडाफार फरक असला, तरी मृदू पोलादाचा गंजण्याचा वेग तेवढ्याने तीन वर्षांत भोक पाडण्याइतका बदलत नाही. म्हणून कापून काढलेला तुकडा घरी आणला आणि उलटून पाहिला.

बाहेरील बाजूला रंग, त्याखाली लांबी आणि त्याखाली लाल प्रायमर असे सर्व थर जागच्या जागी होते. आतील बाजूला मात्र तीन वेगवेगळे पट्टे स्पष्ट दिसत होते. वेल्डिंगपासून दूर पत्र्यावर केवळ तांबूस असा पातळ गंज होता. वेल्डिंगच्या रेघेलगत, दोन बोटे रुंदीच्या पट्ट्यात, गंजाचे खवले सुटत होते व भोके याच पट्ट्यात होती. खुद्द वेल्डिंगचा धातू मात्र बऱ्यापैकी शाबूत होता. नवा पत्रा जेथे जुन्या पत्र्यावर सुमारे दीड सेंटिमीटर चढवून जोडला होता, तेथे दोन पत्र्यांच्या फटीत गंजाचे थरावर थर साचून ते एकमेकांपासून फाकले होते. पत्रा 'हलका' असता, तर तो सर्वत्र सारखाच गंजला असता. तो नेमका जोडाच्या शेजारी गंजला, याचे कारण जोडातच शोधावयास हवे होते.

फटीतील पाणी आणि मीठ

लोखंड गंजण्याची विद्युतरासायनिक प्रक्रिया वाचकांस परिचित आहे. धनाग्रावर लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन देऊन आयनांच्या रूपाने पाण्यात उतरतात, तर ऋणाग्रावर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतो. येथे दोनच गोष्टी लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

पहिली गोष्ट ऑक्सिजनच्या असमान पुरवठ्याची. केंब्रिज येथील यू. आर. इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या एका थेंबाच्या साध्या प्रयोगाने असे दाखविले की, थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते म्हणून तेथे ऋणाग्र तयार होते, तर मध्यभागी हवा कमी पोहोचते म्हणून तेथील लोखंड झिजते. एकावर एक चढविलेल्या दोन पत्र्यांची फट हे याच प्रयोगाचे मोठे रूप होय. केशाकर्षणाने पाणी फटीत खोलवर ओढले जाते, तेथे हवा पोहोचत नाही, आणि ऊन पडले तरी ते सर्वांत शेवटी वाळते. तयार झालेल्या गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असल्यामुळे तो पत्रे फाकवितो, फट रुंदावते आणि आणखी पाणी शिरते.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि किनारपट्टीवर ती अधिक महत्त्वाची. व्हर्नन यांनी १९३० च्या दशकात दाखविल्याप्रमाणे स्वच्छ लोखंडाचा गंज हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेल्यावर वेगाने वाढतो. पृष्ठभागावर मीठ असल्यास ही मर्यादा खाली येते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळते, पण सागरी मिठातील मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांच्या सुमारासच पाणी धरू लागते. म्हणजे ज्या दिवशी दोरीवरचे कपडे दोन तासांत वाळतात, त्या दिवशीही तळपट्टीच्या आतील खारा पत्रा ओलाच असतो. वायर ब्रश किंवा ग्राइंडर फिरविल्याने गंजाचा वरचा थर जातो. खड्ड्यांच्या तळाशी बसलेले क्लोराइड जात नाही, ते पाण्यानेच निघते. म्हणून जो जुना पत्रा ठेवावयाचा आहे, तो घासल्यानंतर गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुणे आणि गरम हवेने पूर्ण वाळविणे ही वेल्डिंगपूर्व तयारीतील पहिली पायरी मानावी. गॅरेजमध्ये लोखंडाला मुद्दाम पाणी लावणे वेडेपणाचे समजले जाते. परंतु मीठ आत ठेवून वर रंग देणे त्याहून महागात पडते.

या विषयावर बोलताना दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला हमखास दिला जातो. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण सुमारे पाव टक्का, म्हणजे आजच्या पत्र्याच्या कितीतरी पट आहे, आणि त्यामुळे त्यावर संरक्षक थर तयार होण्यास मदत झाली, असे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखविले आहे. तो स्तंभ घडीव, भरीव आणि उघड्या कोरड्या हवेतला आहे. पाऊण-एक मिलिमीटर जाडीच्या, बंद आणि खाऱ्या पेटीशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

कारखान्यातील क्रम आणि दुरुस्तीतील क्रम

आधुनिक मोटार कारखान्यात पत्र्याचे सर्व भाग आधी एकमेकांना जोडले जातात. त्यानंतर संपूर्ण सांगाडा धुऊन, फॉस्फेटच्या द्रावणातून काढून, विद्युतभारित रंगाच्या हौदात बुडविला जातो. हा रंग विजेच्या ओढीने पोकळ पेट्यांच्या आतही पोहोचतो व मग तो भट्टीत भाजला जातो. पोर्शे कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यास सांगाड्यासाठी जस्तलेपित पत्रा वापरण्यास सुरुवात केली व पुढे इतरांनी तो मार्ग अनुसरला. फियाट ११०० चा आराखडा या सर्व सुधारणांच्या आधीचा आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत पोकळ पेट्यांच्या आतील संरक्षण तुटपुंजेच असे. तरीही एक गोष्ट जुन्या व नव्या कारखान्यांत समान होती : आधी जोडकाम, मग रंग.

दुरुस्ती करणाऱ्याला हा क्रम पाळता येत नाही. रंगविलेली, कार्पेट-डांबराचे थर असलेली, अनेक वर्षे वापरलेली गाडी त्याच्यासमोर असते आणि तिच्या मध्यभागी त्याला पोलाद वितळवायचे असते. वितळलेल्या पोलादाचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअस असते. तेथून दूर जाताना पत्र्यावर तापमानाचे पट्टे तयार होतात. जेथे ९०७ अंशांहून अधिक तापमान जाते, तेथील जस्त वाफ होऊन उडते; ४१९ अंशांपर्यंत ते वितळते; ३०० अंशांच्या आसपास उघडे पोलाद निळसर होते; आणि त्याहून बऱ्याच कमी तापमानाला साधा रंग व प्रायमर करपू लागतात. पत्रा पातळ असल्याने हे सारे दोन्ही बाजूंना एकाच वेळी घडते. बाहेरील बाजूचा करपलेला पट्टा कारागीर घासून पुन्हा रंगवितो, आतील पट्टा तसाच राहतो. आमच्या गाडीच्या पत्र्यावर दोन बोटांचा जो पट्टा दिसला, तो हाच.

त्या पट्ट्यावर उष्णतेने ऑक्साइडचा एक काळा-निळा थरही तयार होतो. हा थर वीज वाहून नेतो आणि पोलादाच्या तुलनेत ऋणाग्राचे काम करतो. तो अखंड असता तर हरकत नव्हती, पण तो ठिसूळ असतो व ठिकठिकाणी तडकतो. मग मोठ्या ऋणाग्राच्या मध्ये उघड्या पोलादाची बारीक फट, अशी स्थिती येते, आणि सर्व झीज त्या फटीत एकवटून गंज आरपार जातो. यात ग्राइंडरची भर पडते. जोड दिसू नये म्हणून कारागीर वेल्डिंगचा उंचवटा सपाट करतो, तेव्हा चाकाची कड शेजारच्या पत्र्यालाही खाते. २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरचा पत्रा तेथे सहज निम्म्यावर येतो. जोडाची रेघ बोटाला न लागणे ही कारागिरीची शाबासकी समजली जाते. आमच्या बाबतीत भोकांची ओळ नेमकी त्या शाबासकीच्या जागी होती.

वेल्डिंगची पद्धत येथे निर्णायक ठरते. गॅस वेल्डिंगची ज्योत तीन हजार अंशांहून अधिक तापमानाची असली, तरी तिची उष्णता पसरट असते. तिने पत्रा लांबपर्यंत तापतो, वाकतो आणि आतील लेप रुंद पट्ट्यात जळतो. लहान गावांतील गॅरेजमध्ये पितळी टाका देण्याची पद्धतही आहे. त्यासाठी वापरलेला टाकणखार किंवा तयार फ्लक्स काचेसारखा थर होऊन मागे राहतो. त्यावर रंग धरत नाही, आणि काही फ्लक्स तर हवेतील ओलावा ओढून संक्षारणाला मदतच करतात. तारेचे, गॅसच्या आवरणातील वेल्डिंग, जे गॅरेजमध्ये 'सीओटू' या नावाने ओळखले जाते, या कामाला अधिक योग्य आहे, कारण त्यात उष्णता थोड्या जागेत व थोडा वेळ दिली जाते. अखंड रेघ न ओढता एकेक टिपका द्यावा, पुढचा टिपका दूरच्या टोकाला द्यावा आणि मधला वेळ पत्र्याला निवण्यासाठी द्यावा. याने पत्रा वाकत नाही व करपलेला पट्टाही अरुंद राहतो. जाड कांडीचे साधे आर्क वेल्डिंग या पत्र्यावर करूच नये.

जोड कोठे घ्यावा

क्रम उलटा आहे हे एकदा मान्य केले की, पहिला प्रश्न बदलतो. कोणता पत्रा आणावा यापेक्षा, वेल्डिंग झाल्यावर या जोडाच्या मागे माझा हात, ब्रश किंवा निदान फवाऱ्याची नळी पोहोचेल का, हा प्रश्न आधी येतो. गंजलेल्या भागाच्या कडेने जेमतेम कापून तेवढेच ठिगळ लावण्याची सवय या दृष्टीने घातक आहे. गंज जेथे दिसतो त्यापेक्षा आत तो नेहमीच पुढे गेलेला असतो. चार इंच अधिक कापले तर काम वाढते हे खरे. परंतु त्यामुळे रेघ निरोगी पत्र्यावर येते आणि पुष्कळदा ती पोहोचता येईल अशा जागी सरकविता येते.

मागची बाजू उघडी असेल, उदाहरणार्थ पायाखालचा तळ, तर दोन पत्र्यांच्या कडा समोरासमोर ठेवून जोड घ्यावा. यात फट उरत नाही आणि दोन्ही बाजू साफ करून रंगविता येतात. हे काम वेळखाऊ आहे, कारण पत्रा अगदी मापात कापावा लागतो व कडांमध्ये तारेच्या जाडीइतकेच अंतर ठेवावे लागते. एकावर एक चढवून केलेला जोड सोपा असतो, पण त्यासोबत फट येते. तरीही तळपट्टीच्या वरच्या व खालच्या पट्ट्यांवर तो टाळता येत नाही. कारखान्यातही तेथे पत्रे एकमेकांवर ठेवून ठिपके देऊनच जोडलेले असतात. अशा वेळी वरच्या पत्र्याला सुमारे आठ मिलिमीटरची भोके पाडून ती वेल्डिंगने भरावीत. पत्रे पकडीने इतके घट्ट दाबावेत की, मध्ये प्रकाश दिसू नये. फटीची काळजी मात्र जोडण्याच्या आधीच घ्यावी लागते. नंतर तेथे काहीही पोहोचत नाही.

जस्ताचा उपयोग आणि मर्यादा

फटीतील पृष्ठभागांसाठी जस्तयुक्त प्रायमर मिळतो, ज्यावरून वेल्डिंग करता येते. जस्ताचे प्रमाण क्षपण विभव उणे ०.७६ व्होल्ट, तर लोखंडाचे उणे ०.४४ व्होल्ट असल्याने दोन्ही एकत्र ओली झाली, तर जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. यासाठी जस्ताचे कण एकमेकांना व पोलादाला टेकलेले हवेत. म्हणूनच वाळलेल्या थरात वजनाने किमान ८० टक्के जस्त असावे, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. डब्यावर नुसते 'झिंक' लिहिलेले असणे पुरेसे नाही. काही प्रायमरांत तांबे असते. त्यावरून वेल्डिंग सोपे जाते, परंतु तांबे लोखंडासाठी आत्मत्याग करीत नाही. ओल्या फटीत ते उलट ऋणाग्र ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते किनारपट्टीवर ते टाळलेले बरे.

हा प्रायमर जाड लावल्यास काम बिघडते. वितळलेल्या पोलादात जस्ताची वाफ कोंडून जोड सच्छिद्र होतो. म्हणून पट्टीवर एकच पातळ हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, आणि ज्या भोकांत वेल्डिंग भरायचे, तेवढ्या जागेवरील थर ड्रिलच्या टोकाने खरवडून काढावा. टिपक्याच्या भोवतीचा प्रायमर जळतोच. पण दोन टिपक्यांच्या मधला शिल्लक राहतो आणि त्याच्या आधाराने शेजारचा जळलेला थोडा भागही वाचतो.

साध्या पत्र्याऐवजी जस्तलेपित पत्रा वापरावा काय? आयएस ५१३ मानकाच्या साध्या पत्र्याला कोणतेही आवरण नसते. आयएस २७७ च्या पत्र्यावर, दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असेल, तर प्रत्येक बाजूस सुमारे १९ मायक्रॉनचा थर होतो. आतून कधीच रंगविता न येणाऱ्या पेटीसाठी हा लाभ मोठा आहे. कडेचा एक-दीड सेंटिमीटर पट्टा मात्र दोन्ही बाजूंनी घासून वेल्डिंग करावे. जस्ताचा पांढरा धूर घेतल्याने काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, हे कारागिरांना ठाऊक असते. त्यावर दूध पिण्याचा प्रघात आहे, पण खरा उपाय धूर नाकात जाऊ न देणे हाच आहे. उघडी जागा आणि धुरासाठीचा मास्क यांत काटकसर करू नये. बॅटरी सोडविणे, पेट्रोलची टाकी व आतील कार्पेट काढणे, पाण्याची बादली व अग्निशामक जवळ ठेवणे या गोष्टी सर्वज्ञात असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

वेल्डिंगनंतरचे काम

उंचवटा काढताना चाक केवळ वेल्डिंगवरच चालवावे आणि शेवटचा अंश किंचित उंच सोडून द्यावा. तारेतील सिलिकॉनमुळे रेघेवर तपकिरी काचेसारखे ठिपके उरतात. त्यांवर रंग धरत नसल्याने ते टोकदार ब्रशने काढावेत. नंतर छिद्रे तपासावीत. तळपट्टीच्या पेटीत रात्री छोटी विजेरी सोडली की, सुईच्या अग्राएवढे छिद्रही दिसते. तळासारख्या दोन्ही बाजूंनी उघड्या पत्र्यावर एक जुनी व सोपी कसोटी आहे : एका बाजूला खडूची भुकटी पाण्यात कालवून लावावी, ती वाळल्यावर दुसऱ्या बाजूने रॉकेल पुसावे. छिद्र असेल तेथे पांढऱ्यावर ओला डाग उमटतो. आपल्या व्यवसायात खडूला तोटा नसतो. छिद्र सापडल्यास मात्र रॉकेल पूर्ण पुसून, वाळवून मगच पुन्हा वेल्डिंगला हात घालावा. या छिद्रांवर लांबी भरणे म्हणजे पुढच्या गंजाचे बी पेरणे होय. पॉलिएस्टरची लांबी पाणी शोषते आणि ते पोलादाला लावून धरते.

उघडे पोलाद रात्रभर ठेवू नये. ज्या दिवशी वेल्डिंग, त्याच दिवशी प्रायमर, असा नियम करावा. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक असताना रंग द्यावा, असा औद्योगिक संकेत आहे. कोकणात जून ते सप्टेंबर हे पाळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून हे काम दिवाळीनंतर शिमग्यापूर्वी घ्यावे. प्रायमर दोन घटकांचा इपॉक्सी असावा. नेहमीचा लाल प्रायमर स्वस्त असला, तरी तो पाण्याला तितकासा अडवीत नाही आणि आमच्या पत्र्यावर तोच होता. इपॉक्सीनंतर जोडाच्या फटीवर सीलर भरावा, त्याच्या आधी नव्हे. सीलर उघड्या पोलादावर लावला, तर कालांतराने त्याच्याखालीच गंज धरतो. लांबी लावणे भागच असेल, तर तीही इपॉक्सीच्या वर.

पेटीच्या आतील बाजूसाठी शेवटचा उपाय मेणाचा. मेणयुक्त द्रव लांब, लवचिक नळीने आत फवारला जातो. तो जोडांत झिरपतो, पाण्याला बाजूला सारतो आणि पुढेही किंचित मऊ राहतो. त्यासाठी तळपट्टीच्या आतील भिंतीला दहा-बारा मिलिमीटरची भोके आधीच ठेवावीत, त्यांच्या कडा रंगवाव्यात व नंतर रबरी बूच बसवावे. हे काम अगदी शेवटी करावयाचे, कारण मेण पेटते. मेण फवारल्यावर पुन्हा वेल्डिंग करण्याची वेळ आली, तर आग लागण्याचा धोका खराखुरा असतो.

प्रचलित उपायांविषयी

इंजिनातून काढलेले जळके ऑइल पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला फासण्याची रीत किनाऱ्यावर व ट्रकवाल्यांत जुनी आहे. ऑइल पसरते व पाणी दूर ठेवते, हे खरे आहे. परंतु त्यात ज्वलनातून आलेली आम्ले व आरोग्यास घातक द्रव्ये असतात, ते रबराचे भाग फुगविते, पहिल्या जोरदार पावसात धुऊन जमिनीत उतरते, आणि पुढे कधी तेथे नीट रंग द्यायचा झाल्यास चिकटू देत नाही. डांबरी काळा थर याहून अधिक फसवा आहे. स्वच्छ व रंगविलेल्या तळावर तो दगडांच्या माऱ्यापासून वाचवितो. गंजावर मारला तर मात्र तो कालांतराने कडक होऊन तडकतो, पाणी त्याच्याखाली शिरते आणि बाहेर पडत नाही. वरून काळेभोर दिसणाऱ्या तळाला स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिल्याशिवाय जुनी गाडी घेऊ नये.

गंजाचे रूपांतर करणारी द्रव्ये मात्र सरसकट टाकाऊ नाहीत. त्यांत फॉस्फरिक आम्ल किंवा टॅनिन असते. पहिल्याने लोहाचे फॉस्फेट बनते, तर दुसऱ्याने निळसर काळे लोह टॅनेट. यातील दुसरी क्रिया आपल्याकडे शाईच्या रूपाने पूर्वापार माहीत आहे. सह्याद्रीत जुन्नर-आंबेगावच्या रानांत गोळा होणारा हिरडा टॅनिनने समृद्ध आहे, आणि हिरडा व हिराकस यांच्या काळ्या शाईत घडते तीच ही अभिक्रिया. पण द्रव्य जेथपर्यंत भिजते तेथपर्यंतच तिचा उपयोग होतो. खवले सुटलेल्या जाड गंजावर वरचा थर काळा होतो, खालचा लाल राहतो. शिवाय फॉस्फरिक आम्ल फटीत शिल्लक राहिले, तर तेच तेथे झीज सुरू करते. म्हणून जो पत्रा ठेवायचाच आहे आणि ज्याचे खड्डे ब्रशने निघत नाहीत, अशाच उघड्या जागी ही द्रव्ये वापरावीत; जोडाच्या फटीत नव्हे.

जानेवारी २०२२ मध्ये आमच्या गाडीची डावी तळपट्टी वरील क्रमाने पुन्हा करण्यात आली. खर्च पहिल्या दुरुस्तीच्या अडीचपट आला आणि वेळ तीन दिवसांऐवजी पंधरा दिवस लागला. कारागीर तोच होता. आतील बाजूचा इपॉक्सी व मेण यांचा आग्रह त्याला प्रथम अनाठायी वाटला, परंतु जुना तुकडा उलटा करून दाखविल्यावर त्याने विजेरीची कसोटी स्वतःहून उजव्या बाजूलाही लावली आणि तेथे आणखी दोन छिद्रे शोधून काढली. त्यानंतर दर पावसाळ्याच्या शेवटी बूच काढून मोबाइलला जोडता येणाऱ्या बारीक कॅमेऱ्याने आतून पाहणी केली जाते. २०२३ मध्ये मागील चाकाकडील टोकाला मेण पातळ झालेले आढळले, तेथे पुन्हा फवारणी केली. २०२५ अखेर, म्हणजे चार पावसाळ्यांनंतर, जोडाच्या आतील पट्ट्यावर गंज दिसलेला नाही. एका गाडीच्या एका बाजूवरून नियम काढता येत नाही, आणि पहिली दुरुस्तीसुद्धा दोन पावसाळे बाहेरून निर्दोषच दिसत होती. म्हणून कॅमेऱ्याची पाहणी चालू आहे. त्याच वेळी तळपट्टीच्या खालच्या अंगाची पाणी निचऱ्याची भोके बारीक तारेने मोकळी केली जातात. सीलर व डांबर यांच्या उत्साहात पहिल्या वेळी ती बुजविली गेली होती, आणि कापलेल्या तुकड्यातून तेव्हा सुमारे वाटीभर ओली लाल माती निघाली होती.